चल तदर्थ जाळ्यांतील नावांचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा (१९७१ ते २०२३)

प्रस्तावना

संगणकजाळ्यांचा इतिहास लिहिताना तारा, उपग्रह, वेग आणि मार्ग यांचा विचार बहुधा केला जातो. नावांचा विचार क्वचितच होतो. वास्तविक पाहता जाळे वापरणारा माणूस यंत्राचा पत्ता ओळखत नाही, तो नाव ओळखतो. नाव सांगितल्यावर त्यामागील पत्ता शोधून देणारी यंत्रणा पडद्याआड काम करीत असते. तिला या लेखात ‘नामशोध सेवा’ असे म्हटले आहे. ही सेवा बंद पडली तर जाळे शाबूत असूनही वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते.

नेहमीच्या इंटरनेटवर हे काम ठरावीक ठिकाणी बसवलेले सर्व्हर करतात. परंतु जेथे असा कोणताही स्थिर आधार नाही तेथे काय करावयाचे? मनोरे, केंद्रे वा पूर्वनियोजित यंत्रणा नसताना, परस्परांच्या रेडिओ टप्प्यात आलेल्या उपकरणांनी आपसांत उभारलेले आणि ती उपकरणे फिरतील तसे रूप बदलणारे जाळे म्हणजे ‘मोबाईल ॲड हॉक नेटवर्क’. त्यालाच संक्षेपाने ‘मॅनेट’ म्हणतात. मराठीत त्यास ‘चल तदर्थ जाळे’ म्हणता येईल. युद्धभूमीवरील तुकड्या, आपद्ग्रस्त भागातील मदत पथके, वीज व मनोरे नसलेली वस्ती अशा ठिकाणांसाठी या जाळ्यांची कल्पना मांडली गेली.

प्रस्तुत लेखात अशा जाळ्यांतील नामशोधाचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ (आरएफसी) मालिकेतून प्रसिद्ध होतात ती मालिका आणि त्या त्या काळातील शोधनिबंध यांचा त्यासाठी आधार घेतला आहे. मार्ग शोधण्याचा प्रश्न संशोधकांनी बऱ्याच अंशी सोडवला. मात्र नावाचा प्रश्न मागे राहिला. अमुक नाव अमुक उपकरणाचेच आहे याची साक्ष कोणी द्यावयाची, या प्रश्नापाशी प्रत्येक पिढीतील संशोधक येऊन थांबले, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

१. नाव, पत्ता आणि मार्ग

या तीन संकल्पनांची स्पष्ट फोड १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील जॉन शॉक यांनी एका टिपणात केली. हवी असलेली वस्तू नावाने सांगितली जाते, तिचे ठिकाण पत्त्याने कळते आणि तेथवर मार्गाने पोहोचता येते, असा त्यांच्या विभागणीचा आशय आहे. आज ही फोड साधी वाटते. तथापि तीतच चल जाळ्यांची अडचण दडलेली आहे. इंटरनेटवरील पत्ता उपकरण जाळ्याच्या कोणत्या भागात आहे हे सांगतो. उपकरण हलले की पत्ता बदलू शकतो. नाव मात्र बदलता कामा नये. म्हणजेच नाव आणि पत्ता यांची जोडी सतत ताजी ठेवावी लागते. स्थिर जाळ्यात हे काम अधूनमधून करावे लागते, चल जाळ्यात ते क्षणोक्षणी करावे लागते.

२. एका यादीपासून उतरंडीपर्यंत

१९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आर्पानेटवर आरंभी प्रत्येक संगणककेंद्र इतर यंत्रांच्या नावांची स्वतःची यादी ठेवीत असे. एकाच यंत्राला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी नावे पडू लागली. १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी आरएफसी २२६ द्वारे ही नावे सर्वत्र एकसारखी असावीत अशी सूचना केली. पुढे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील नेटवर्क माहिती केंद्राकडे एकच अधिकृत यादी ठेवण्याचे काम आले. एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली हे केंद्र ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल सांभाळीत असे. नवे यंत्र जोडावयाचे असल्यास केंद्रास कळवावे, केंद्राने नोंद करावी आणि इतरांनी ती फाइल वेळोवेळी उतरवून घ्यावी, अशी रीत होती.

यंत्रांची संख्या वाढल्यावर एक यादी पुरेनाशी झाली. नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेतील पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ व ८८३ मधून ‘डोमेन नेम सिस्टिम’ (डीएनएस) मांडली. १९८७ मध्ये आरएफसी १०३४ व १०३५ द्वारे तिला सुधारित रूप मिळाले. या पद्धतीत नावांची उतरंड असते. वरची पातळी खालच्या पातळीस अधिकार देते आणि प्रत्येक विभागाचा कारभार त्या विभागाचे सर्व्हर पाहतात. एकदा मिळालेले उत्तर काही काळ जवळ साठवून ठेवण्याची सोयही तीत आहे.

यादी असो वा उतरंड, दोहोंमागे दोन गृहीतके होती. नावांचा जाणकार सर्व्हर ठरावीक जागी सापडेल, हे पहिले. नाव देण्याचा अधिकार वरून खाली येतो आणि तो अधिकार सर्वांना मान्य आहे, हे दुसरे. चल तदर्थ जाळ्यांत ही दोन्ही गृहीतके कोसळतात.

३. पॅकेट रेडिओ : नावाची गरज न भासलेले जाळे

बिनतारी जाळ्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग हवाई विद्यापीठात नॉर्मन ॲब्रॅमसन यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. ‘अलोहानेट’ हे जाळे जून १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. त्यात मध्यवर्ती केंद्र होते. फिरत्या उपकरणांच्या जाळ्याकडे खरे पाऊल पडले ते १९७३ मध्ये, अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने पॅकेट रेडिओचे संशोधन हाती घेतले तेव्हा. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात रेडिओ केंद्रे आणि उपकरणांनी सज्ज अशी एक व्हॅन यांच्या साहाय्याने हे प्रयोग झाले. २७ ऑगस्ट १९७६ रोजी एका उपाहारगृहाच्या आवारातील मेजावरून पाठवलेला संदेश रेडिओजाळ्यातून आर्पानेटमध्ये गेला. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी पॅकेट रेडिओ, उपग्रहजाळे आणि आर्पानेट ही तीन जाळी एकाच वेळी जोडून दाखवण्यात आली.

जॉन ज्युबिन व जॅनेट टॉर्नो यांनी १९८७ मध्ये या जाळ्याच्या कार्यपद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. प्रत्येक रेडिओ दर साडेसात सेकंदांनी आपल्या अस्तित्वाची घोषणा करीत असे. शेजारी कोण आहेत आणि दूरच्या रेडिओकडे कोणामार्फत जावे याचे तक्ते तो ठेवीत असे. त्याखेरीज कोणते उपकरण कोणत्या रेडिओस जोडलेले आहे याचाही एक तक्ता असे. उपकरणाची ओळख आणि त्याचे त्या क्षणीचे ठिकाण वेगळे ठेवण्याची आणि दोहोंची जोडी ताजी करीत राहण्याची कल्पना येथे बीजरूपाने दिसते.

परंतु नाव कोणाचे, हा वाद या प्रयोगात उद्भवला नाही. उपकरणे मोजकी होती, त्यांचे क्रमांक आधीच दिलेले होते आणि ती एकाच प्रकल्पाची होती. साक्ष देणारी संस्था जाळ्याबाहेर उभी होती. म्हणून जाळ्याच्या आत तिची उणीव जाणवली नाही. ही परिस्थिती पुढील संशोधनात राहिली नाही.

४. मार्गाला मिळालेले अग्रस्थान

१९९० च्या दशकात लॅपटॉप आणि बिनतारी कार्डे स्वस्त होऊ लागली, तसे चल जाळ्यांचे संशोधन लष्कराबाहेर आले. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ने १९९७ मध्ये मॅनेट कार्यगट स्थापन केला. जानेवारी १९९९ मधील आरएफसी २५०१ मध्ये स्कॉट कॉर्सन व जोसेफ मॅकर यांनी या जाळ्यांची चार लक्षणे नमूद केली : सतत बदलणारी रचना, मर्यादित व कमीजास्त होणारी वहनक्षमता, विजेची टंचाई आणि कमकुवत भौतिक सुरक्षितता.

त्यानंतरच्या दशकात मार्गशोधाचे नियम एकामागोमाग एक आले. जुलै २००३ मध्ये ‘एओडीव्ही’ (आरएफसी ३५६१), ऑक्टोबर २००३ मध्ये ‘ओएलएसआर’ (आरएफसी ३६२६) आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ‘डीएसआर’ (आरएफसी ४७२८) प्रसिद्ध झाले. पत्ता कसा मिळवावा यावरही काम झाले. दोन उपकरणांनी एकच पत्ता घेतल्यास तो घोटाळा कसा ओळखावा, यावर नितीन वैद्य यांचा २००२ मधील निबंध या क्षेत्रात विशेष परिचित आहे. पत्त्यांच्या प्रश्नासाठी २००५ मध्ये वेगळा कार्यगटही निघाला. त्याची परिणती सप्टेंबर २०१० मधील आरएफसी ५८८९ या पत्तारचनेच्या दस्तऐवजात झाली.

नामशोधासाठी मात्र खास मॅनेटकरिता असा एकही नियम या मालिकेत प्रमाण म्हणून स्वीकारला गेला नाही. मसुदे आले आणि मुदत संपून बाजूला पडले. यामागील एक कारण समजण्यासारखे आहे. मार्ग बरोबर की चूक हे मोजता येते : संदेश पोहोचला की नाही, किती वेळ लागला, किती वीज खर्च झाली. नाव बरोबर की चूक हे जाळ्याच्या आतून मोजता येत नाही.

५. पुकाऱ्याची पद्धत

याच सुमारास कार्यालये व घरांतील छोट्या जाळ्यांत दुसरी परंपरा वाढत होती. १९८३ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांसाठी तयार झालेले ‘नेटबायोस’ आणि १९८५ मधील ॲपलटॉकचा नाव जोडण्याचा प्रोटोकॉल यांत मध्यवर्ती सर्व्हरची आवश्यकता नव्हती. हवे असलेले नाव सर्वांना उद्देशून पुकारावयाचे. ज्याचे ते नाव असेल त्याने उत्तर द्यावयाचे.

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘झिरोकॉन्फ’ कार्यगटाने ही परंपरा इंटरनेटच्या भाषेत आणली. ॲपलने ऑगस्ट २००२ मध्ये ‘रांदेव्हू’ या नावाने तिचा प्रसार केला. २००५ पासून ती ‘बॉनजूर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. स्टुअर्ट चेशर व मार्क क्रॉचमल यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ द्वारे तिचे नियम प्रमाणबद्ध केले. ‘मल्टिकास्ट डीएनएस’ हे तिचे औपचारिक नाव. नवे उपकरण ‘डॉट लोकल’ या शेवटाचे नाव घेण्यापूर्वी पाव सेकंदाच्या अंतराने तीन वेळा विचारणा करते. कोणी हरकत घेतली नाही तर ते नाव आपले मानते; हरकत आल्यास दुसरे नाव निवडते.

जत्रेत हरवलेल्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारतात, त्यासारखी ही पद्धत आहे. गर्दी बेताची असेल आणि आवाज सर्वांपर्यंत पोहोचत असेल तोवर ती उत्तम चालते. चल तदर्थ जाळ्यात तिच्यापुढे तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली, हा पुकारा ज्या पत्त्यावर केला जातो तो केवळ एका टप्प्यापुरता असतो; मधली उपकरणे तो पुढे पाठवीत नाहीत. दुसरी, त्यांनी तो पुढे पाठवावयाचे ठरवल्यास प्रत्येक उपकरण तोच पुकारा पुन्हा करू लागते आणि हवेतील मर्यादित जागा त्यानेच भरून जाते. १९९९ मध्ये तैवानमधील संशोधकांनी या घटनेस ‘प्रक्षेपण-वादळ’ या अर्थाची संज्ञा दिली. तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. पुकाऱ्याला कोणीही ‘ओ’ देऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने आलेल्या आणि जानेवारी २००७ मध्ये आरएफसी ४७९५ म्हणून प्रसिद्ध झालेल्या ‘एलएलएमएनआर’ या समांतर पद्धतीत खोटे उत्तर देऊन वापरणाऱ्याची सांकेतिक माहिती मिळवणे, हा पुढे सुरक्षातज्ज्ञांच्या नित्य परिचयाचा हल्ला ठरला.

६. मार्ग आणि नाव एकत्र आणण्याचे प्रयत्न

२००३–०४ या काळात मॅनेटसाठी स्वतंत्र नामशोधाच्या सूचना पुढे आल्या. नॉर्वेतील पॉल एंगेलस्टाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना काटकसरीची होती. एओडीव्हीसारख्या पद्धतीत मार्ग हवा असेल तेव्हाच संपूर्ण जाळ्यात विचारणा केली जाते. आधी नावासाठी आणि नंतर मार्गासाठी असा दोनदा पुकारा करण्याऐवजी नावाची विचारणा मार्गाच्या विचारणेबरोबरच पाठवावी. उत्तर परत येताना पत्ता आणि मार्ग दोन्ही घेऊन यावे. यामुळे पुकाऱ्यांची संख्या घटते, हा तिचा उघड लाभ होता. जाळ्यातील एखादे उपकरण बाह्य इंटरनेटशी जोडलेले असेल तर त्याच्यामार्फत बाहेरील नावेही शोधता यावीत, असाही त्यांचा विचार होता.

दक्षिण कोरियातील जेहून जोंग व सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. प्रत्येक उपकरणावर स्वतःचा छोटा नामसर्व्हर असावा आणि वापरणाऱ्याने दिलेल्या नावास त्या उपकरणाचा अंगभूत क्रमांक जोडून कोणाशीही न जुळणारे नाव आपोआप तयार व्हावे, अशी त्यांची योजना होती. दोन वेगवेगळी जाळी फिरता फिरता एकत्र आली तरी नावांची टक्कर होण्याचा संभव त्यामुळे फार कमी होतो. मात्र असे लांब नाव माणसाच्या ध्यानात राहणे अवघड आणि त्याने दुसऱ्यास तोंडी सांगणे त्याहून अवघड.

जाळी एकत्र येण्याचा हा प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. दोन मदत पथकांची जाळी स्वतंत्रपणे चालू आहेत आणि दोहोंत एकेका उपकरणाचे नाव ‘डॉक्टर’ आहे असे समजा. पथके जवळ आली की ‘डॉक्टर’ कोण? नियमाने एकाला नाव बदलावे लागेल. परंतु ते नाव लक्षात ठेवणाऱ्या माणसांना हा बदल कोण सांगणार? यंत्रांतील वाद मिटतो, माणसांतील घोटाळा तेथून सुरू होतो.

७. किल्लीची साक्ष

साक्षीच्या प्रश्नावर सार्वजनिक किल्लीच्या गूढलेखनातून उत्तर शोधण्याचे प्रयत्न झाले. पत्त्याचा अर्धा भाग उपकरणाच्या सार्वजनिक किल्लीवरून गणिताने काढावा, म्हणजे तो पत्ता आपलाच आहे हे त्यास त्रयस्थाविना सिद्ध करता येईल, ही कल्पना तुओमास ऑरा यांच्या मार्च २००५ मधील आरएफसी ३९७२ मध्ये नियमबद्ध झाली. पत्त्याची चोरी यामुळे फार कठीण झाली. नावाचे तसे झाले नाही. कारण किल्लीवरून माणसाला समजणारे नाव निघत नाही.

या कोंडीचे नेमके वर्णन २००१ मध्ये झूको विल्कॉक्स-ओहर्न यांनी केले. नावे माणसाला अर्थपूर्ण वाटावीत, ती सुरक्षित असावीत आणि त्यांना मध्यवर्ती सत्तेची गरज नसावी, या तीन अपेक्षांपैकी कोणत्याही दोनच एका वेळी पूर्ण होतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा विचार ‘झूकोचा त्रिकोण’ म्हणून प्रसिद्ध आहे. मागील सर्व प्रयत्न या त्रिकोणात मांडून पाहता येतात. डीएनएसने मध्यवर्ती सत्ता पत्करली, मल्टिकास्ट डीएनएसने सुरक्षितता सोडली, क्रमांक वा किल्ली यांवर आधारलेल्या नावांनी माणसाची सोय सोडली. २०११ मध्ये आलेल्या ‘नेमकॉइन’ने सामाईक खातेवहीच्या बळावर तिन्ही साधल्याचा दावा केला. तथापि अशा खातेवहीस जाळ्यातील सर्वांची सहमती लागते. वारंवार दुभंगणाऱ्या चल जाळ्यास ती परवडणारी नाही.

निराळी वाट काढणाऱ्यांनी नाव सर्वत्र एकच असले पाहिजे हा आग्रहच सोडला. १९९६ मध्ये रॉन रिव्हेस्ट व बटलर लॅम्पसन यांनी प्रत्येकाने आपापली नावे ठेवावीत आणि एकमेकांच्या यादीचा दाखला द्यावा, अशी योजना मांडली. २००६ मध्ये ब्रायन फोर्ड व सहकाऱ्यांनी हीच दृष्टी फिरत्या वैयक्तिक उपकरणांना लावली. दोन उपकरणांचा परिचय माणसे प्रत्यक्ष भेटली असताना करून द्यावा, असे त्यांनी सुचवले. याच परंपरेतील ‘जीएनयू नेम सिस्टिम’ नोव्हेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९४९८ म्हणून प्रसिद्ध झाली. ‘अमक्याचा डॉक्टर’ असे नाव या पद्धतीत अर्थपूर्णही राहते आणि सुरक्षितही. फक्त ‘अमका’ कोण हे आपणास आधी ठाऊक असावे लागते.

८. प्रत्यक्ष व्यवहार

सिद्धान्ताची कसोटी व्यवहारात लागली. २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्याच वर्षी महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कर्जतनजीकच्या एका छोट्या प्राथमिक शाळेतही ते पोहोचले. हे लॅपटॉप मनोऱ्याविना परस्परांशी जाळे जोडू शकत. पडद्यावर शेजारील मुले त्यांनी निवडलेल्या नावाने व रंगाने दिसत. शाळेत सर्व्हर नसेल तेव्हा ही ओळख मल्टिकास्ट डीएनएसच्या धर्तीवर पुकाऱ्याने होई. मोजक्या लॅपटॉपांत ही व्यवस्था चालली. संख्या वाढली की पुकाऱ्यांचीच गर्दी होऊन जाळे मंदावते, हा अनुभव प्रकल्पाच्या विकासकांना आला. मोठ्या शाळांसाठी त्यांना मध्यवर्ती सर्व्हरकडेच वळावे लागले.

हैतीमधील जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाचे पॉल गार्डनर-स्टीफन यांनी ‘सर्व्हल’ प्रकल्प सुरू केला. मनोरे कोसळले तरी भ्रमणध्वनी परस्परांमार्फत चालावेत, हा त्याचा हेतू. येथे नावाची जागा दूरध्वनी क्रमांकाने घेतली, कारण संकटग्रस्त माणसाला आप्ताचा क्रमांक आधीच माहीत असतो. उपकरणाची खरी ओळख म्हणजे त्याची किल्ली. क्रमांक हा त्या किल्लीने केलेला दावा. दावा खरा की खोटा हे यंत्र ठरवू शकत नाही. पलीकडचा आवाज ओळखीचा आहे की नाही, हे शेवटी ऐकणाऱ्याने ठरवावयाचे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) चल तदर्थ जाळ्यांच्या संशोधनात मार्ग व पत्ता यांना नियमांचे अधिष्ठान मिळाले, नामशोधाला तसे स्वतंत्र प्रमाण लाभले नाही. व्यवहारात स्थिर जाळ्यांसाठी घडवलेल्या पद्धतीच उसन्या घेतल्या गेल्या.

२) पुकाऱ्याची पद्धत थोड्या आणि परस्परविश्वास असलेल्या उपकरणांपुरती समर्थ आहे. संख्या वाढली की हवेतील जागा अपुरी पडते आणि अनोळखी उपकरणे आली की विश्वास अपुरा पडतो.

३) यशस्वी ठरलेल्या प्रत्येक प्रयत्नात साक्ष जाळ्याबाहेरून आली आहे. पॅकेट रेडिओत ती प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेने दिली, वैयक्तिक नावांच्या पद्धतीत प्रत्यक्ष भेटीने दिली, सर्व्हलमध्ये आधीपासून पाठ असलेल्या क्रमांकाने व ओळखीच्या आवाजाने दिली.

तिसऱ्या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. आपत्तीच्या वेळी वापरावयाच्या जाळ्यांचे नियोजन करताना उपकरणांचा साठा व त्यांचा पल्ला यांचा हिशेब केला जातो. त्याच वेळी कोणत्या पथकाने कोणते नाव घ्यावे, कोणाच्या किल्लीवर कोणी विश्वास ठेवावा आणि दोन पथके एकत्र आल्यास कोणाचे नाव कायम राहावे, हेही संकटापूर्वी ठरले पाहिजे. संदेश पोहोचणे जितके मोलाचे, तितकेच तो योग्य माणसाकडे पोहोचणे मोलाचे आहे. ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारल्यावर ‘ओ’ देणारा खरोखर डॉक्टर आहे की नाही यावर जेथे एखाद्याचा जीव अवलंबून असेल, तेथे ही पूर्वतयारी यंत्रावर सोपवून चालणार नाही.